गुरुवारच्या डोसआधी फाईल मागा : कोल्हापूर जिल्ह्यातील फॅमिली डॉक्टर आणि औषध दुकानदारांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, कर्करोगाच्या रुग्णाच्या आतड्यातले जिवाणू त्याच्या उपचारात भाग घेतात, हे आता प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. आणि त्या जिवाणूंवर सगळ्यात जास्त हात चालतो तो कर्करोगतज्ज्ञांचा नव्हे, तुमचा. म्हणून हे पत्र मोठ्या रुग्णालयांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

लक्ष्मीपुरीतल्या काय किंवा गडहिंग्लजच्या काय, कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर ही चिठ्ठी रोज येते. ॲझिथ्रोमायसिन ५०० या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल-डॉमपेरिडोनच्या दहा कॅप्सूल, सकाळी उपाशीपोटी. आणि पोट बिघडू नये म्हणून प्रोबायोटिक पावडरची पाच पाकिटं. तक्रार काय, तर सर्दी, खोकला, अंगात कणकण. चिठ्ठी आणणाऱ्याच्या दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक जाड फाईल असते आणि तिच्या वरच्या कागदावर पुढच्या गुरुवारची तारीख असते : निवोलुमॅब या कर्करोगावरच्या औषधाचा दुसरा डोस. ती फाईल पिशवीतून बाहेर येत नाही, कारण ती कुणी मागत नाही. चिठ्ठीतल्या तिन्ही वस्तूंचा त्या गुरुवारच्या औषधाशी संबंध आहे.

आधी हा प्रश्न तुमच्या दवाखान्यापर्यंत पोचला कसा ते पाहू. शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशींना कर्करोगावर सोडणाऱ्या निवोलुमॅबसारख्या औषधांना इम्युनोथेरपी, थोडक्यात इम्युनो म्हणतात. ती म्हणजे मुंबई-पुण्याच्या श्रीमंत रुग्णांचं औषध, अशी समजूत होती. आता ती मोडते आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडी औषधांना जोड म्हणून निवोलुमॅब दिलं, पण नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. तंबाखू-मावा खाणाऱ्या आपल्या भागात तोंडाच्या कर्करोगाचे किती रुग्ण आहेत हे तुम्हाला सांगायला नको. डोस कमी म्हणजे खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणजे हे औषध घेऊन आजऱ्याला, गारगोटीला, शाहूवाडीला परतणारे रुग्ण जास्त. दोन डोसांमधले वीस दिवस ते तुमच्याकडे असतात.

आता जिवाणूंचं काम. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, जवळपास सगळे मोठ्या आतड्यात; वजन भरेल पावशेराच्या आत-बाहेर. त्यांतले बहुतेक प्राणवायू न लागणारे. त्यांचा औषधांशी संबंध दोन वाटांनी येतो. काही जिवाणू औषधाचं रसायन सरळ बदलतात. काही रोगप्रतिकारक पेशींना तयारीत ठेवतात किंवा मंद करतात.

पहिल्या वाटेचा धडा जपानने १९९३ मध्ये फार मोठी किंमत देऊन घेतला. नागिणीवरचं सोरिव्हुडीन नावाचं औषध बाजारात आलं आणि ५-एफयू (५-फ्लुरोयुरॅसिल) गटातली तोंडी केमो घेणारे डझनाहून जास्त रुग्ण थोड्याच दिवसांत दगावले. आतड्यातले जिवाणू सोरिव्हुडीनपासून एक पदार्थ तयार करत होते. तो पदार्थ ५-एफयू मोडणाऱ्या यकृतातल्या विकराला (एन्झाइमला) कायमचं बंद पाडत होता, आणि केमो रक्तात साचत गेली. दोन्ही औषधं आपापल्या जागी ठरलेल्या डोसातच होती. तुमच्या कपाटातलं कॅपेसिटाबिन याच गटातलं आहे, त्यामुळे ही गोष्ट परक्या देशाची म्हणून सोडून देऊ नका. स्वादुपिंडाच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या जेमसिटाबिनचंही असंच : २०१७ मध्ये ११३ गाठी तपासल्या, त्यांपैकी ८६ गाठींच्या आतच जिवाणू सापडले, आणि त्यांतल्या काही जातींकडे जेमसिटाबिन निकामी करणारं विकर असतं.

दुसरी वाट इम्युनोची. कर्करोगाशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक टी पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. गाठ तो दाबून धरते, निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब तो सोडवतं. पण ब्रेक सुटून गाडी पळायची तर पेशी मुळात तयार हवी, आणि ती तयारी बऱ्याच अंशी आतड्यात होते. २०१५ मध्ये दोन गटांनी उंदरांत हे दाखवलं. शिकागोच्या गटाला बिफिडोबॅक्टेरियम हा जिवाणू महत्त्वाचा आढळला, तर फ्रान्समधल्या गुस्ताव्ह रूसी संस्थेला बॅक्टेरॉइडीस. २०१८ मध्ये माणसांतले निष्कर्ष आले. फुप्फुस, मूत्रपिंड आणि मूत्रमार्गाच्या कर्करोगाच्या २४९ रुग्णांपैकी ६९ जणांना इम्युनो सुरू होण्याच्या दोन महिने आधीपासून एक महिना नंतरपर्यंतच्या काळात अँटिबायोटिक मिळालेलं होतं. त्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्म्या रुग्णांनी गाठलेला काळ, ११.५ महिने होता, बाकीच्यांचं २०.६ महिने. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये १९६ रुग्णांची पाहणी झाली. इम्युनोच्या आधीच्या ३० दिवसांत अँटिबायोटिक घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य २ महिने निघालं, न घेतलेल्यांचं २६. उपचार चालू असताना घेतलेल्या अँटिबायोटिकचा मात्र तसा परिणाम त्या पाहणीत दिसला नाही.

इथे तुमच्यापैकी जाणकार थांबवतील : ज्याला अँटिबायोटिक लागलं तो आधीच जास्त आजारी होता, मग आयुष्य कमी भरलं यात नवल काय? शंका रास्त आहे. या साऱ्या पाहण्या आहेत, रुग्णांना सोडतीने दोन गटांत वाटून केलेल्या चाचण्या नाहीत, आणि आकड्यांतला काही भाग आजाराच्या तीव्रतेचाच असणार. पण सगळा नाही, असं मानायला कारण आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या रक्तवाहिन्यांवर मॅडकॅम-१ नावाचं प्रथिन असतं, टी पेशींना तिथे धरून ठेवणारा खुंटाच म्हणा. २०२३ मध्ये गुस्ताव्ह रूसीच्या गटाने उंदरांत दाखवलं की अँटिबायोटिक थांबल्यावर रिकाम्या जागी एन्टेरोक्लॉस्टर जातीचे जिवाणू माजतात, पित्ताम्लं बदलतात, आणि हा खुंटा उपटला जातो. मग प्रतिकार दाबणाऱ्या पेशी आतड्यातून सुटतात आणि थेट गाठीत जाऊन बसतात. नुकसान गोळी चालू असताना कमी, थांबल्यावरच्या दिवसांत जास्त : ब्रिटनच्या पाहणीतला ‘आधीच्या ३० दिवसांचा’ निष्कर्ष याच्याशी जुळतो.

आणि व्यवहाराचं उत्तर त्याहून सोपं आहे. विषाणूच्या सर्दीला दिलेल्या ॲझिथ्रोमायसिनचा फायदा शून्य आहे. शून्य फायद्यासमोर शंकेपुरता धोकाही जड भरतो. आम्ही लागणारं अँटिबायोटिक थांबवा म्हणत नाही. न लागणारं देऊ नका, एवढंच म्हणतो.

हे वाक्य उलटं वाचलं जाऊ नये, म्हणून पुढचा परिच्छेद कृपया दोनदा वाचा.

केमो घेतलेल्या रुग्णाला ताप आला तर जिवाणूंचा विचार बाजूला ठेवा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. तोंडातलं तापमान एकदा जरी १०१ फॅरनहाइट झालं किंवा तासभर १००.४ च्या वर राहिलं, तर ती आणीबाणी. रुग्णालयात पोचल्यापासून साठ मिनिटांच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. दवाखान्यात तोंडी गोळी देऊन ‘उद्या बघू’ म्हणणं इथे जीवघेणं ठरतं. तापमान मोजून लिहिण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. कमरेत इंजेक्शन नको, प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साकळतं. गुदद्वारातून औषध किंवा थर्मामीटर नको. चंदगड किंवा गगनबावड्याहून कोल्हापूरला यायला लागणारा वेळ धरून चाला : आधी कर्करोगतज्ज्ञांना फोन, आणि त्यांनी सांगितलं तर पहिला डोस जवळच्या ग्रामीण रुग्णालयातच, मग ॲम्ब्युलन्स. पावसाळ्यात शिरोळ, करवीर, हातकणंगले भागातल्या रुग्णांना एक जास्तीची सूचना द्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांवर गेली आणि केमो होऊन दोन आठवडे झाले नसतील, तर रस्ता बंद होईपर्यंत वाट न पाहता रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्याला हे पटवून द्यावं लागणार नाही.

आता जुलाब. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुलाब म्हटलं की आपल्याकडे ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी ठरलेली. ऑर्निडाझोल आणि मेट्रोनिडाझोल मारतात ते प्राणवायू न लागणारे जिवाणू, म्हणजे नेमकं तेच राखीव दल जे आपल्याला जपायचं आहे. कर्करोगाच्या रुग्णाला जुलाब लागण्याची निदान तीन वेगळी कारणं असतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

पहिलं, इरिनोटेकॅन या केमोच्या औषधाचे जुलाब. यकृत या औषधाला साखरेसारखा एक रेणू जोडून निरुपद्रवी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. तिथले जिवाणू बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाच्या विकराने ती जोडणी तोडतात. विष पुन्हा जिवंत होतं आणि आतड्याचं अस्तर सोलून काढतं. सलाईन लावल्याच्या दिवशीच पोटात कळ येऊन, घाम आणि लाळ सुटून जुलाब झाले तर ते चेतातंतूंमुळे, त्यावर रुग्णालयात ॲट्रोपिन देतात. चोवीस तासांनंतर सुरू होतात ते हे जिवाणूंचे. इलाज लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी, पण नेहमीच्या हाताने नाही : पहिल्या पातळ शौचालाच ४ मिलिग्रॅम, मग दर दोन तासांनी २ मिलिग्रॅम (रात्री दर चार तासांनी ४), शेवटच्या जुलाबानंतर बारा तास होईपर्यंत, अठ्ठेचाळीस तासांच्या पुढे नाही. हा डोस पाकिटावरच्या कमाल मर्यादेच्या वर जातो, म्हणून तो फक्त कर्करोगतज्ज्ञांनी फाईलमध्ये लिहून दिलेल्या रुग्णालाच. दुकानदार मित्रांनो, असा रुग्ण एका वेळी वीस गोळ्या मागतो तेव्हा संशय न घेता फाईल पाहा, लिहिलेलं असेल तर द्या. दोन गोळ्या देऊन परत पाठवलात तर तो रात्रीतून कोरडा पडतो. ताप, रक्त किंवा चक्कर असेल तर गोळ्या नाहीत, रुग्णालय.

दुसरं, इम्युनोचे जुलाब. हा संसर्ग नव्हेच. ब्रेक सुटलेल्या टी पेशी आतड्यालाच शत्रू समजतात. बहुतेकांना हे सुरुवातीच्या दोनेक महिन्यांत होतं, पण शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनीही होऊ शकतं. त्यामुळे ‘औषध बंद होऊन चार महिने झाले’ या उत्तराने निर्धास्त होऊ नका. रुग्णाला आकडा विचारा. नेहमीपेक्षा दिवसाला चार ते सहा वेळा जास्त होत असेल, रात्री उठून जावं लागत असेल, शेम किंवा रक्त पडत असेल, तर त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांना फोन. यात साधारणपणे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किलोला १ मिलिग्रॅमने सुरू करून महिना-दीड महिन्यात हळूहळू कमी करतात, ते त्यांच्या देखरेखीखालीच. अँटिबायोटिक आणि लोपेरामाइडवर चार दिवस घालवले, तर आतड्याला भोक पडेपर्यंत मजल जाऊ शकते. शौचाचा नमुना मात्र लगेच पाठवा, कल्चर (जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी) आणि क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल या जिवाणूचं विष या दोन्हींसाठी.

ते डिफिसिल हेच तिसरं कारण, आणि ते बहुतेकदा आधीच्या अँटिबायोटिकनेच आलेलं असतं. त्याचा इलाज त्याच्या ठरलेल्या औषधाने, तपासणी करून.

बाकी उरतो तो पावसाळ्यातला पाण्याचा साधा जुलाब. ताप नाही, रक्त नाही, केमो-इम्युनोचा वरचा हिशेब नाही, तर ओआरएस पुरेसं : एक मोठं पाकीट, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, प्रत्येक शौचानंतर एक पेला. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट आच ठेवायची. पूर ओसरल्यावरचे दोन-तीन आठवडे तर न चुकता.

अँटिबायोटिक खरोखरच लागणार असेल तेव्हा काय करायचं? नेम धरून, कमी दिवसांसाठी द्या. लघवीत जळजळ असेल तर गोळी सुरू करण्याआधी कल्चरची बाटली भरून घ्या. ताप नसेल आणि मूत्रपिंड ठीक असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस. ते वरच्या आतड्यातच शोषलं जाऊन लघवीत उतरतं, मोठ्या आतड्याला फारसा धक्का लागत नाही. दातदुखीला आधी दाताचा इलाज, नुसत्या ठणक्यासाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह नको. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला कोट्रायमॉक्साझोल कधीच स्वतःहून देऊ नका, दोघं मिळून अस्थिमज्जेचं रक्तपेशी बनवण्याचं काम बसवतात. सिप्रोफ्लॉक्सासिन एर्लोटिनिबची रक्तातली पातळी वाढवतं, तेही लक्षात असू द्या. आणि रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बराच काळ शून्याजवळ राहणार असतील तर तज्ज्ञ स्वतःच प्रतिबंधक अँटिबायोटिक देतात. ते तुम्ही बंद करायचं नाही.

चिठ्ठीतली दुसरी वस्तू : ॲसिडिटीची कॅप्सूल. कुठल्याही चिठ्ठीत ती मिठासारखी पडते. पोटातलं आम्ल हा तोंडातल्या जिवाणूंना अडवणारा नाका आहे. तो महिनोन् महिने उघडा राहिला की तोंडातल्या जाती खाली आतड्यात वस्ती करतात. फुप्फुसाच्या कर्करोगात ॲटेझोलिझुमॅब हे इम्युनोचं औषध मिळालेल्या रुग्णांचं विश्लेषण २०२० मध्ये आलं. ही कॅप्सूल घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ९.६ महिने, न घेणाऱ्यांचं १४.५. हाही पाहणीचाच आकडा, त्यालाही वरचीच मर्यादा लागू. पण टाटाच्या त्या तोंडी औषधांच्या बाबतीत मुद्दा जिवाणूंच्याही आधी येतो : एर्लोटिनिब विरघळायला आम्ल लागतं. ओमेप्राझोलबरोबर घेतल्यास रक्तात पोचणारं एर्लोटिनिब जवळपास निम्म्यावर येतं. याच रुग्णाला सेलेकॉक्सिब चालू असल्यामुळे कुणीतरी सद्भावनेने पोट सांभाळायला पँटोप्राझोल जोडतं, आणि मूळ औषधच पातळ होतं. जुना अल्सर, रक्तस्राव, स्टेरॉइडबरोबर वेदनाशामक अशी पक्की कारणं असतील तर कॅप्सूल हवीच, पण कर्करोगतज्ज्ञांना सांगून आणि बंद करायची तारीख लिहून. ‘चालू ठेवा’ हे दोन शब्द चिठ्ठीत नकोत.

तिसरी वस्तू प्रोबायोटिक. जिवाणू चांगले म्हटल्यावर जिवाणूंची पावडर चांगलीच असणार, असं कुणालाही वाटेल. इथेच सगळे फसतात. इस्रायलमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना आठवडाभर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल दिलं, आणि त्यांतल्या काहींना नंतर प्रोबायोटिक. ज्यांनी काहीच घेतलं नाही त्यांचे मूळचे जिवाणू लवकर परतले. प्रोबायोटिकवाल्यांचे पाच महिने झाले तरी पुरते परतले नव्हते. बाहेरून आलेल्या मोजक्या जातींनी जागा अडवली होती. कारण मूळ वस्ती शेकडो जातींची असते, आणि पाकिटात मोजून काही. मेलेनोमा हा त्वचेचा कर्करोग असलेल्या उंदरांना प्रोबायोटिक दिल्यावर इम्युनोचा परिणाम कमी झाल्याचंही २०२१ मध्ये दिसलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मूत्रपिंडाच्या कर्करोगात क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकमच्या एका विशिष्ट वाणाची छोटी चाचणी अमेरिकेत झाली. इम्युनोबरोबर तो वाण घेतलेल्यांचा आजार १२.७ महिने थोपला, न घेतलेल्यांचा २.५. रुग्ण अवघे २९, आणि वाण एकच, ठरलेला. त्यावरून कुठल्याही पाकिटाची शिफारस निघत नाही.

सॅकरोमायसिस बुलार्डीचं पाकीट मात्र छातीत किंवा दंडात लाईन (औषधासाठी शिरेत घातलेली नळी) असलेल्या, पेशी कमी असलेल्या रुग्णाच्या जवळही फोडू नये. ही यीस्ट आहे. पाकिटाचं तोंड कात्रीने कापताना बारीक पावडर उडते, बोटांना आणि चादरीला लागते. त्याच हाताने लाईनचं टोपण उघडलं की यीस्ट थेट रक्तात. असे रक्तसंसर्ग नोंदले गेले आहेत, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णालाही झाले आहेत. नर्सिंग होममधल्या सिस्टरांना हे आवर्जून सांगा.

मग द्यायचं काय? जेवण. अमेरिकेतल्या एमडी अँडरसन केंद्राने मेलेनोमाच्या रुग्णांचा आहार तपासला. रोज २० ग्रॅम किंवा जास्त तंतू खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. दर ५ ग्रॅम वाढीमागे आजार बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. सर्वांत बरी स्थिती कुणाची, तर तंतू भरपूर आणि प्रोबायोटिक नाही, अशांची. तंतू आपल्याला पचत नाहीत, जिवाणूंना पचतात. ते त्यांचं ब्युटिरेट करतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात.

आपल्याकडे केमो सुरू झाली की घरचे प्रेमापोटी रुग्णाला ‘हलकं’ खायला घालतात : पेज, साबुदाणा, ग्लुकोजची बिस्किटं, मऊ भात. हिशेब करा. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतू पावणेतीन ग्रॅम, ३० ग्रॅम तूरडाळीत तेवढेच. साबुदाण्यात नावालाही नाहीत. दिवसभराचे मिळून सहा-सात. तेच १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात १० ग्रॅम असतात, म्हणजे ७० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ७ आणि दोन भाकऱ्यांत १४. वाटीभर मटकीची उसळ, कोरडी मटकी ३० ग्रॅम धरली तर साडेचार. अर्धा-पाऊण पेरू, १०० ग्रॅम, त्यात ८. झाले साडेसव्वीस. यात न परवडणारं काहीच नाही. तोंड आलं असेल तर भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, नाहीतर नाचणीची आंबील ताक घालून नीट शिजवलेली, तिखटाविना. मोड आलेली मटकी कच्ची नको, पूर्ण शिजवून. मिसळीचा कट तोंड बरं होईपर्यंत बंद. एकदम वाढवलं तर पोट फुगतं आणि रुग्ण सगळंच सोडतो, म्हणून आठवड्याला ५ ग्रॅमच्या बेताने वाढवा, पाणीही वाढवा.

तंतू कुणाला नकोत तेही ठरलेलं आहे. आतडं गाठीने अरुंद झालेलं, पोट फुगून वारा सरत नाही, नुकताच कोलोस्टॉमीचा (पोटावरून शौचाचा) मार्ग काढलेला, ओटीपोटाच्या रेडिएशनमध्ये जुलाब चालू, किंवा वरचे इम्युनोचे जुलाब. यांना मऊ भातच बरा, तेवढ्या दिवसांपुरता.

आणि दूध. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणं ही आपली जुनी रीत, आजारातून उठलेल्याला ताकदीसाठी मुद्दाम नेऊन पाजतात. केमोच्या काळात ते दूध उकळल्याशिवाय ओठाला लावू नये. लिस्टेरिया आणि ब्रुसेला कच्च्या दुधातून येतात, आणि पेशी कमी असताना त्यांना अडवायला कुणी नसतं. उकळलेल्या दुधाचं घरी विरजलेलं ताजं दही-ताक हे अन्न आहे, ते पेशी ठीक असताना चालतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ५०० च्या खाली असतील तर तेवढे दिवस थांबावं.

विष्ठा तपासून ‘तुमचे जिवाणू असे आहेत’ सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांवर आज कुणाचं कर्करोगाचं औषध ठरवू नये, आणि रुग्णाला त्यासाठी पैसे घालवू देऊ नयेत. निरोगी माणसाचे जिवाणू रुग्णाला देण्याच्या चाचण्या मात्र गांभीर्याने चालू आहेत. इम्युनो थकलेल्या मेलेनोमाच्या १० पैकी ३ जणांत इस्रायलमध्ये आणि १५ पैकी ६ जणांत पिट्सबर्गमध्ये त्याचा उपयोग झाला. पण २०१९ मध्ये अमेरिकेत अशाच दिलेल्या नमुन्यातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय जाऊन एक रुग्ण दगावला होता. हे चाचणीच्या चौकटीबाहेर कुणी करू नये.

आता आमची मागणी, जी उद्या सकाळपासून पाळता येईल.

डॉक्टरांनी ताप, जुलाब, खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाला एक प्रश्न विचारावा : ‘केमो किंवा इम्युनो चालू आहे का, किंवा गेल्या वर्षभरात झाली का?’ हो म्हटलं तर फाईल पिशवीतून काढायला सांगावी. फाईलच्या आतल्या बाजूला एक कोरा पुठ्ठा लावून त्यावर सात रकाने आखावेत : औषध, डोस, दिवसातून किती वेळा, सुरू केल्याची तारीख, बंद केल्याची तारीख, कारण, कल्चर घेतलं की नाही. अँटिबायोटिक, ॲसिडिटीची कॅप्सूल आणि प्रोबायोटिक, तिन्हींची नोंद त्याच पुठ्ठ्यावर. इम्युनो ठरण्याआधीच्या दोन महिन्यांत घेतलेलंही आठवून लिहावं, कारण आकडे त्याच काळाबद्दल बोलतात. डोसची तारीख पुढे ढकलायची की नाही ते कर्करोगतज्ज्ञ ठरवतील. त्यांना ठरवता यावं म्हणून ही नोंद.

दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नये हा कायदा आहेच. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ ची, म्हणजे विक्रीची नोंद सक्तीची असलेल्या औषधांची वही तुम्ही ठेवता, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, नग, आणि ती तीन वर्षं जपता. पण त्या मूळ यादीत सेफिक्झिम आणि लेव्होफ्लॉक्सासिन होतं, ॲझिथ्रोमायसिन नव्हतं. काउंटरवरून सर्रास जाणारी गोळीच वहीबाहेर राहिली. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाच्या बिलावर गोळीच्या नावापुढे पेनाने कारण लिहा आणि ते बिल फाईलमध्ये टाचून द्या. चिठ्ठीत एर्लोटिनिबबरोबर पँटोप्राझोल, किंवा मेथोट्रेक्सेटबरोबर कोट्रायमॉक्साझोल दिसलं, तर औषध बांधून देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पुठ्ठ्याचा नमुना हाताने आखून काउंटरच्या काचेखाली ठेवला, तर रुग्णाचा मुलगा तो मोबाईलवर टिपून घेऊन घरी आखू शकेल.

कळावे.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि आहारशास्त्रात काम करणारे काहीजण
कोल्हापूर